दाताच्या दवाखान्यात डॉक्टरांना न विचारता काउंटरवर विचारले जाणारे प्रश्न

मी भांडुपला एका दाताच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. अकरा वर्षं झाली. मी डॉक्टर नाही. अपॉइंटमेंट लिहिते, पैसे घेते, एक्स-रे पाकिटात घालते, मावशी आल्या नाहीत तर साधनं धुऊन ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेने जंतू मारायच्या मशीनलाही, लावते. आत खुर्चीत बसलेला माणूस काही विचारू शकत नाही, कारण त्याचं तोंड उघडं असतं आणि त्यात सक्शनची नळी गुरगुरत असते. बाहेर आल्यावर तोंड मोकळं होतं आणि सगळे प्रश्न माझ्या टेबलावर येऊन पडतात. तोवर अर्धं काम झालेलं असतं. म्हणून हे आत जायच्या आधी वाचायला. यातलं औषधपाण्याचं जे आहे ते आमच्या डॉक्टर मॅडमना दाखवून घेतलंय. पैशाचं माझं मी लिहिलंय.

रूट कॅनालला किती होतील? फोनवर सांगा ना.

पुढच्या दाताला बहुतेक वेळा एकच कॅनाल, म्हणजे मुळातली नसेची नळी, असतो, मागच्या दाढेला तीन, कधी चार. कीड किती खोल गेलीय, एका बैठकीत उरकेल की तीन लागतील, हे एक्स-रे बघितल्याशिवाय मॅडमनाही सांगता येत नाही. पण "येऊन बघा" एवढंच सांगितलं तर समोरचा फोन ठेवतो आणि पुढचे सहा महिने येत नाही. म्हणून मी आकडा सांगते. आमच्याकडे पुढचा दात साडेतीन हजार, दाढ साडेपाच. हेच काम वांद्र्याला किंवा जुहूला सहज दुप्पट होतं, त्यात जागेचं भाडं आणि एसीचं बिल असतं.

घोळ होतो तो पुढे. माणूस साडेपाच हजार मनात धरून येतो आणि शेवटी बिल होतं साडेदहा हजार, कारण कॅप, म्हणजे नंतर दातावर बसवायचं टोपण, त्यात धरलेलीच नसते. पाच-सहा वर्षांपूर्वी एक काका होते, कंपनीतून फोरमन म्हणून रिटायर झालेले. बिल बघून आवाज चढवला नाही त्यांनी. शर्टाच्या खिशातून अपॉइंटमेंटचं कार्ड काढलं, उलटं करून माझ्यासमोर ठेवलं. मागे निळ्या पेनाने '5500' लिहिलेलं होतं. "अक्षर तुमचंच ना, ताई?" माझंच होतं. मी काय बोलणार? त्या आठवड्यात मॅडमनी फॉर्म छापून घेतला. एक्स-रे, रूट कॅनाल, वरचं फिलिंग, कॅप, प्रत्येकासमोर रकाना आणि खाली एकूण.

तुम्ही जिथे जाल तिथे असा फॉर्म असेलच असं नाही. तेव्हा विचारताना "कॅप धरून, सगळं मिळून एकूण किती?" असं विचारा आणि कागदावर लिहून मागा. जो दवाखाना लिहून द्यायला कां-कूं करतो तिथे मी तरी माझी दाढ देणार नाही.

दुखेल का?

हा पहिला प्रश्न असतो, पण तो बहुतेक बायका विचारतात. पुरुष विचारत नाहीत, ते तीनदा बाथरूमला जाऊन येतात.

"मुंगी चावल्यासारखं वाटेल" असं मी कुणाला सांगत नाही. मुंगी चावल्यासारखं नसतं ते. भुलीचं इंजेक्शन हिरडीत जाताना टोचतं, ताण आल्यासारखं होतं, आणि ते काही सेकंद चालतं. खालच्या दाढेला सुई पार मागे, जबड्याच्या कोपऱ्याशी द्यावी लागते. तिथे जास्त घाबरायला होतं, कारण सुई दिसते आणि कुठे जातेय ते कळत नाही. त्यापेक्षा डोळे मिटलेले बरे. पाच-दहा मिनिटांत अर्धा ओठ सुजल्यासारखा वाटायला लागतो. आरशात बघाल तर सुजलेला नसतो.

काही जणांना इंजेक्शननंतर छातीत धडधडतं, हात थरथरतात. भुलीच्या औषधात बहुतेक वेळा थोडं अ‍ॅड्रिनलिन घातलेलं असतं, त्याने भूल जास्त वेळ टिकते आणि रक्त कमी येतं. ती धडधड दोन-चार मिनिटांत उतरते. ज्यांना हे आधी माहीत नसतं त्यांना वाटतं हार्ट अटॅक आला. हृदयाचा त्रास असेल तर मात्र इंजेक्शनच्या आधीच सांगा.

भूल चढल्यावर दाब जाणवतो, आवाज ऐकू येतो, ड्रिलच्या पाण्याचा फवारा गालावर उडतो. दुखायला नको. दुखलं तर डावा हात वर करा. हे बसण्याआधीच ठरवून घ्या: "हात वर केला की थांबायचं." चांगले डॉक्टर थांबतात आणि आणखी भूल देतात. एक खरी अडचण सांगते. दाढेला पू धरलेला असतो, गाल सुजलेला असतो, तेव्हा भूल नीट लागत नाही. म्हणून कधी कधी आधी पू काढून देतात नाहीतर गोळ्या देतात आणि दोन-तीन दिवसांनी बोलावतात. ज्यांना "मला भूल चढतच नाही" अशी ख्याती मिळालेली असते, त्यातले बरेचसे असे अगदी शेवटच्या घटकेला आलेले असतात.

ठणका होता, आता आपोआप थांबला. अपॉइंटमेंट कॅन्सल करू का?

करू नका. रात्री दोनला उठून बसवणारा ठणका अचानक थांबला तर बहुतेक वेळा दाताच्या आतली नस मेलेली असते. कीड थांबलेली नसते. ती मुळाच्या टोकापर्यंत जाते, तिथे पू साठतो, आणि मग एक दिवस, शक्यतो गणपतीत किंवा लग्नाच्या आदल्या दिवशी, गाल लिंबाएवढा सुजतो. कॅन्सल केलेल्यांची नावं मी पेन्सिलने खोडते, कारण ती परत लिहावी लागतात.

सुजेबरोबर ताप असेल, तोंड उघडत नसेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर आमच्यासारख्या छोट्या दवाखान्याची वाट बघू नका. थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.

लवंग चालते का?

रात्र काढायला चालते. लवंगेच्या तेलाने थोडा वेळ बधिरपणा येतो. तेलाचा बोळा दाताच्या खड्ड्यात ठेवा, हिरडीवर चोळत बसू नका, भाजतं. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीशी धरून झोपणारेही येतात. सकाळी तिथे पांढरा चट्टा पडलेला असतो, म्हणजे आधीच्या दुखण्यावर आणखी एक दुखणं. आणि मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या मनाने गिळून येऊ नका.

त्यापेक्षा दाढ काढूनच टाकली तर?

स्वस्त पडतं यात वाद नाही. आमच्याकडे साधी दाढ काढायला हजार-बाराशे होतात. आणि हा निर्णय कायम चुकीचा असतो असंही नाही. अक्कलदाढ वाकडी येऊन त्रास देत असेल किंवा दाढ मुळापर्यंत हलत असेल तर मॅडम स्वतःच काढा म्हणतात. पण चावायची दाढ काढून जागा तशीच ठेवली की शेजारची तिच्यावर कलते आणि समोरची हळूहळू त्या जागेत उतरते. त्यांच्या फटीत अन्न अडकून तिथे नवी कीड. मग ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात) नाहीतर इम्प्लांट (हाडात स्क्रू घालून बसवलेला दात), आणि इम्प्लांटचा आकडा पंचवीस-तीस हजारांपासून सुरू होतो.

हे सगळं खरं असूनही महिन्याच्या पंचवीस तारखेला समोरच्याच्या खिशात पंधराशे रुपये असतात. त्या माणसाला मी ब्रिजचं व्याख्यान देत नाही. खालचा प्रश्न वाचायला सांगते.

स्वस्तात कुठे होईल?

मुंबईत दोन मोठी ठिकाणं आहेत आणि ती कित्येकांना माहीतच नसतात. एक, सरकारी दंत महाविद्यालय, सीएसएमटीजवळ, सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात. दुसरं, महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलला. इथे केसपेपर काढावा लागतो, रांग लागते, आणि काम शिकणारे विद्यार्थी करतात, वर त्यांचे सर-मॅडम तपासतात. नवी मुंबईत नेरूळ, खारघर, कामोठ्याकडे खासगी दंत महाविद्यालयं आहेत, तिथेही बाहेरच्यापेक्षा बराच कमी खर्च येतो.

माझ्या सासूबाईंची पूर्ण कवळी सरकारी महाविद्यालयात झाली. मी दाताच्या दवाखान्यात नोकरीला असूनही, हो. सहा फेऱ्या पडल्या. पहिल्यांदा तोंडाचं माप घेतलं, मग त्यावरून ट्रे बनवून पुन्हा बारीक माप. तिसऱ्यांदा वरचा-खालचा जबडा कुठे मिटतो ते बघितलं. चौथ्यांदा मेणात बसवलेले दात घालून दाखवले. सासूबाई म्हणाल्या, "हे फार मोठे आहेत, घोडीसारखे." त्या विद्यार्थिनीने न कंटाळता बदलून दिले. पाचव्यांदा कवळी हातात आली, सहाव्यांदा जिथे टोचत होतं तिथे घासून दिली. दर वेळी भांडुपहून सकाळची लोकल, दर वेळी अर्धा दिवस. खर्च बाहेरच्या मानाने अगदीच थोडा. काम मात्र सावकाश आणि नीट, कारण त्या मुलीला प्रत्येक पायरीवर सही घ्यायची होती. सही मिळाली नाही की पुन्हा करायचं.

ज्याचा रोजगार दिवसावर आहे त्याला सहा अर्धे दिवस परवडतात का, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. मी एवढंच सांगते, ठणका लागलेला असताना पहिल्यांदा तिथे गेलात तर वैतागाल. अजून दुखत नसताना जा.

कॅप न लावता चालेल का?

मागच्या दाढेला सहसा नाही. रूट कॅनालमध्ये दाताचा मधला भाग पोखरून काढलेला असतो, उरतात त्या भिंती. आपण चपाती खाताना दाढेवर बराच दाब येतो, आणि एखाद्या दिवशी पापलेटचा काटा किंवा चिक्की निमित्त होते. दाढ उभी चिरली की काढण्यावाचून गत्यंतर नसतं. रूट कॅनालचे पैसे दिले, कॅपचे वाचवले आणि वर्षभरात दाढ गेली, असे माझ्या रजिस्टरमध्ये खूप जण आहेत.

कॅप आम्ही बनवत नाही. माप घेऊन लॅबला जातं, लॅबचा मुलगा बॅग घेऊन संध्याकाळी येतो. त्याच्या बॅगेत आख्ख्या उपनगराचे दात असतात, प्रत्येकाची वेगळी पिशवी आणि चिठ्ठी. आतून धातू वरून सिरॅमिक अशी कॅप आमच्याकडे पाच हजार, झिर्कोनियाची (दातासारखी पांढरी, आत धातू नसलेली) दहाच्या आसपास. मागच्या, हसताना न दिसणाऱ्या दाढेला धातूचीच कॅप आणखी स्वस्तात बसते आणि चांगली टिकते. हा पर्याय आपणहून फारसं कुणी सांगत नाही. विचारा.

सफाई केल्याने दात सैल होतात ना?

दात आधीच सैल झालेले असतात. वर्षानुवर्षं साठलेलं किटण दोन दातांच्या मध्ये सिमेंटसारखं बसलेलं असतं आणि त्याच्याच आधाराने दात उभे असतात. ते निघालं की दात हलतात, फटी दिसतात, थंड पाणी लागतं आणि दोष सफाईला जातो. थोड्या दिवसांत हिरडी आवळते आणि बरंचसं कमी होतं. किटणामुळे हाडच झिजलेलं असेल तर ते परत येत नाही.

वरचा दात काढल्यावर नजर कमी होते का?

नाही.

विमा चालतो का?

नेहमीच्या मेडिक्लेममध्ये दाताचं काम बहुधा धरत नाहीत. अपघातात दात-जबडा तुटून अ‍ॅडमिट व्हावं लागलं तर गोष्ट वेगळी. काही पॉलिसींना ओपीडीची जोड असते, त्यात थोडेफार पैसे मिळतात. केंद्र सरकारी नोकर किंवा पेन्शनर असाल तर सीजीएचएसचं बघा, कंपनीत पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल तर त्यांच्या दवाखान्यात चौकशी करा. आम्हाला "बिलावर अपघात लिहून द्या" म्हणू नका. दर महिन्याला एक जण म्हणतोच.

दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं तर मॅडमना राग येईल का?

आला तर येऊ दे, दाढ तुमची आहे. एक्स-रेची प्रत मागा, आता बहुतेक ठिकाणी व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच पाठवतात.

माझ्या बहिणीला एका ठिकाणी, नाव नको, साध्या तपासणीत पाच रूट कॅनाल सांगितले. काही दुखत नव्हतं. वर "आजच अर्धे भरलेत तर वीस टक्के कमी" असंही सांगितलं. भाजीवालाही एवढी घाई करत नाही. तिने दोन ठिकाणी एक्स-रे दाखवला. दोघांनीही एक रूट कॅनाल आणि दोन साधी फिलिंग सांगितली. सगळेच असे नसतात, आणि दोन प्रामाणिक डॉक्टरांचंही एकाच दाताबद्दल वेगळं मत असू शकतं, हे मी इथेच बसून बघितलंय. पण दुखत नसताना मोठा आकडा आणि आजचीच सूट असं एकत्र आलं की उठायचं.

आणखी एक विचारा: काम कोण करणार? बीडीएस ही दाताच्या डॉक्टरची पदवी पाच वर्षांची, एमडीएस हे त्यापुढचं खास शिक्षण तीन वर्षांचं. छोट्या दवाखान्यांत अवघड रूट कॅनालला बाहेरून एमडीएस डॉक्टर येतात. आमच्याकडे एंडोचे, म्हणजे रूट कॅनालमधले तज्ज्ञ, सर गुरुवारी येतात, स्वतःच्या फाइल्सचा, म्हणजे कॅनाल घासायच्या बारीक सुयांचा, डबा पाठीवरच्या बॅगेत घेऊन. तुमची दाढ वळणावळणाची असेल तर गुरुवारपर्यंत थांबणं बरं.

मधुमेहाचं, रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं कशाला सांगायचं? दातच तर दाखवायचाय.

कारण दात काढल्यावर रक्त थांबलं नाही तर धावपळ आमची आणि जीव तुमचा. रक्त पातळ करायच्या गोळ्या मनाने बंद करून येऊ नका, तेही धोक्याचं. त्या तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरतं. साखर वाढलेली असली की हिरडीचा आजार बळावतो, जखमही उशिरा भरते. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असतील तर तेही सांगा, त्यांचा जबड्याच्या हाडाशी संबंध आहे. दिवस गेले असतील तरी सांगा, काम मधल्या तीन महिन्यांत करणं सोयीचं. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणलीत तरी चालेल. "ती पांढरी, छोटी" एवढ्यावर मला ओळखता येत नाही.

मिश्रीचं सांगितलं तर ओरडतील का?

मॅडम ओरडत नाहीत. पण लपवूनही काही होत नाही, तोंड उघडल्यावर दिसतंच. आमच्याकडच्या बऱ्याच आज्या फॉर्ममध्ये तंबाखूपुढे "नाही" लिहायला सांगतात, कारण त्यांच्या लेखी मिश्री म्हणजे तंबाखू नव्हेच, ते दात घासायचं. भाजलेला तंबाखूच असतो तो. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी गुटख्याने आखडलेली तोंडं येतातच. आपलीच तीन बोटं उभी करून तोंडात जातात का बघा. जात नसतील, तिखट झोंबत असेल, पांढरा-लाल चट्टा असेल किंवा दोन आठवड्यांत न भरलेला व्रण असेल, तर दाखवा. मॅडमना शंका आली की त्या परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलची चिठ्ठी देतात. चिठ्ठी घेऊन लोक माझ्यासमोर बसतात आणि विचारतात, "हे फक्त चेकिंगला ना?" मी हो म्हणते, कारण त्या क्षणी ते खरं असतं.

मुलाचे दुधाचे दात पडणारच आहेत, खर्च कशाला?

मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत असतात आणि खालच्या पक्क्या दाताची जागा धरून ठेवतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे एक नवी दाढ येते, तिच्या जागी काहीच पडलेलं नसतं, म्हणून आईबाप तिला दुधाचीच समजतात. ती पक्की असते, आणि कीड पहिली तिलाच लागते.

आणि कृपा करून "गप्प बस, नाहीतर काकू इंजेक्शन देतील" असं माझ्याकडे बोट दाखवून सांगू नका. मी फक्त पावती फाडते.

दाढ काढलीय. आता काय?

बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा, दर दोन मिनिटांनी काढून बघू नका. चोवीस तास चूळ भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉने पिऊ नका, सिगारेट नको. तिथे जी रक्ताची गुठळी बसते ती जखमेचं झाकण असते. ती निघाली की दोन-तीन दिवसांनी अशी कळ येते की आधीची बरी होती. गार वरणभात, दही, आइस्क्रीम चालेल. ओठ बधिर असेपर्यंत खाऊ नका, स्वतःचाच गाल चावला जातो. ट्रेनमध्ये थुंकता येणार नाही म्हणून घाबरू नका, लाळेत थोडं रक्त मिसळलं की खूप वाटतं, गिळून टाका.

तुम्ही स्वतः बसलात का कधी त्या खुर्चीत?

हा प्रश्न एका शाळकरी मुलीने विचारला होता. तेव्हा माझं उत्तर "नाही" होतं. उजवी खालची दाढ चार वर्षं किडलेली, मी डाव्या बाजूने चावत होते, आणि रोज दहा जणांना "उशीर करू नका" सांगत होते. आवाज रोज ऐकून सवय होते असं लोकांना वाटतं. मला आतल्या आवाजावरून नेमकं काय चाललंय ते कळायचं, त्यामुळे जास्तच भीती वाटायची. पैशाचंही होतं. मॅडम कमी घेतील हे माहीत होतं, आणि तेच नको होतं.

त्या मुलीसमोर लाज वाटली, दुसऱ्याच गुरुवारी बसले. इंजेक्शन टोचलं. धडधडलं. हात एकदा वर केला, सर थांबले. तीन बैठका झाल्या, पैसे पगारातून चार हप्त्यांत वळते केले. कॅपच्या वेळी मॅडमनी रंगाची पट्टी माझ्या दाताशी धरली आणि लॅबच्या चिठ्ठीवर ए-थ्री लिहिलं. इतकी वर्षं मी समजत होते माझे दात पांढरेशुभ्र आहेत.